बालीतून परतताना: शेवटचे चार दिवस उलटे मोजा

बालीला जायची तयारी सगळेच करतात. विमान, हॉटेल, कुठल्या दिवशी कुठला धबधबा, सगळं एक्सेलमध्ये मांडलेलं असतं. त्या तक्त्यातले शेवटचे दोन दिवस मात्र बघण्यासारखे असतात. तिथे एक तर ‘शॉपिंग, आराम’ एवढंच लिहिलेलं असतं, नाहीतर राहून गेलेलं सगळं तिथे कोंबलेलं असतं. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. आदल्या दिवशी नुसा पेनिदा बेट, शेवटच्या पहाटे बातूर डोंगर, आणि त्याच रात्री विमान. विमान मिळालं, पण कसं ते विचारू नका. बुटात खडी होती आणि गुडघे विमानात बसताना वाजत होते.

तेव्हापासून मी बालीची सहल परतीच्या विमानापासून मागे मोजत आखतो. बेट ज्वालामुखींचं, विमानतळ एक आणि त्याची धावपट्टीही एकच. त्यामुळे शेवटच्या दिवसांत काय करायचं यापेक्षा ते कुठल्या क्रमाने करायचं, हे आधी ठरवावं लागतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी तो क्रम इथे देतोय.

सुरुवात तिकिटापासून

बालीहून बरीच विमानं मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:४० असेल, तर तुम्हाला विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोहोचायचंय. हे वाचून हसू येईल, पण या एका ओळीपायी विमान चुकलेली माणसं मी पाहिली आहेत. बालीचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना ती वेळ बालीची आहे की घरची, तेही एकदा तपासा.

दुसरी मोजणी व्हिसाची. तिथे उतरल्यावर मिळणारा ५ लाख रुपियांचा (रुपिया म्हणजे इंडोनेशियाचं चलन) व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि उतरलेला दिवस पहिला धरला जातो. एक दिवस जरी वर झाला तरी दंड १० लाख रुपिया, दर दिवसाला. दहा दिवसांच्या सहलीत याची काळजी नाही. महिनाभर राहणाऱ्यांनी मात्र बोटं मोडून मोजावं.

तिसरी तारीख न्येपीची. न्येपी म्हणजे बालीचा शक संवत्सराचा पहिला दिवस, म्हणून तो आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागे येतो. २०२६ मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी, १९ मार्चला होते. त्या दिवशी सकाळी ६ पासून दुसऱ्या सकाळी ६ पर्यंत सगळं बेट बंद असतं. रस्त्यावर माणूस नाही, रात्री दिवे नाहीत आणि विमानतळही बंद. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या मोठाल्या मूर्ती मिरवतात, तेव्हा रस्ते अडलेले असतात. मार्चमध्ये जात असाल तर परतीची तारीख या दोन्ही दिवसांपासून लांब ठेवा. न्येपी अनुभवायला जरूर थांबा, फक्त तो शेवटचा दिवस नको.

चार दिवस आधी: डोंगर उरकून घ्या

बातूरची उंची १,७१७ मीटर. उबुदमधून रात्री २ च्या सुमारास गाडी घ्यायला येते, पायथ्यापासून साधारण दोन तासांची चढण असते आणि सूर्योदयाला माथ्यावर. वाटाडे स्थानिक संघटनेचे असतात आणि ते घ्यावेच लागतात. माथ्याजवळच्या कपारींतून गरम वाफ येते. त्या वाफेत वाटाडे अंडी ठेवतात आणि तुम्ही अंधारात दम खात बसलेले असताना उकडलेलं अंडं हातात देतात. सोलताना बोटं भाजतात, पण त्या थंडीत ते बरंच वाटतं.

चढण जमते, त्रास उतरताना होतो. वाट सुट्या काळ्या खडीची आहे, पाय घसरत राहतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतात. म्हणून हा कार्यक्रम शेवटी नको. वर गेलात की खालच्या तळ्याकडे आणि काळ्या लाव्ह्याच्या पट्ट्यांकडे नीट बघा. १९२६ च्या उद्रेकात बातूर गाव गाडलं गेलं आणि गावकऱ्यांनी देवळासकट गाव वर कड्यावर नेऊन वसवलं.

आगुंग त्याहून बराच उंच, ३,००० मीटरच्या वर. पहिल्या सहलीत त्याच्या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. खालून सुंदर दिसतो, तेवढं पुरे.

तीन दिवस आधी: समुद्र, आणि त्यानंतर कोरडं राहणं

डोंगर आधी आणि समुद्र नंतर, हा क्रम उलटा करू नका. स्कूबा, म्हणजे हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन पाण्याखाली बुडी (डायव्ह) मारताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधीच उंचावर गेलात, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे तयार होतात. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. म्हणजे डायव्हनंतर लगेच बातूर चढणं जवळजवळ विमानात बसण्यासारखंच झालं.

डायव्हिंगमधला सर्वमान्य नियम असा: एकच साधी डायव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, एकापेक्षा जास्त केल्या असतील किंवा लागोपाठ काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास. मी सरसकट २४ धरतो. नुसतं स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावरच तरंगत खाली बघणाऱ्यांना ही अडचण नाही, ते शेवटच्या सकाळपर्यंत पाण्यात राहू शकतात.

एकच जागा निवडायची तर ईशान्य किनाऱ्यावरचं तुलांबेन. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारलेलं ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज ओढत आणून इथे किनाऱ्याला लावलं होतं. वीसेक वर्षं ते वाळूवर पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग फुटला, जमीन हादरली आणि जहाज घसरून पाण्यात गेलं. आता त्यावर प्रवाळ वाढलंय आणि किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरून तिथपर्यंत पोहता येतं. किनारा वाळूचा नाही, काळ्या गुळगुळीत गोट्यांचा आहे. तिथल्या बायका डोक्यावर हवेचे सिलिंडर घेऊन त्या गोट्यांवरून अनवाणी झपाझप चालतात आणि आपण बूट घालून धडपडतो.

तुलांबेनहून परतताना गाडीवाल्याला आधीच सांगा की किंतामणीवरून न्यायचं नाही. तो रस्ता खूप उंचावरून जातो. आमलापुरा, चांदीदासा असा किनाऱ्याच्या बाजूचा रस्ता घ्या.

आणि लहान बेटं. नुसा पेनिदा, गिली, लेंबोंगान, जिथे जायचं तिथे याआधी जाऊन या. शेवटची रात्र तर तिथे काढूच नका, शेवटच्या आदलीही नको. सानूरहून पेनिदाला बोट पाऊण तासात पोहोचवते हे खरं, पण जून ते ऑगस्टमध्ये हिंदी महासागराच्या लाटा उसळल्या की बोटी सरळ रद्द होतात. बोट रद्द झाली म्हणून विमान थांबत नाही.

दोन दिवस आधी: मुक्काम दक्षिणेला हलवा

उबुद ते विमानतळ अंतर ३७ किलोमीटरच आहे. नकाशावर बघून एक तास धराल, तर फसाल. दीड तास नेहमीचा, संध्याकाळी दोन, आणि वाटेत एखाद्या देवळाची मिरवणूक लागली तर देव सोडेल तेव्हा. चांगू तर विमानतळाच्या जवळ असूनही तसंच. शेवटच्या दोन रात्री सानूर किंवा जिंबारानला राहा. सानूर म्हाताऱ्यांचं आहे असं तरुण मंडळी म्हणतात. असेना. पूर्वेला तोंड असल्यामुळे खोलीतून चार पावलांवर सूर्योदय दिसतो, पाणी शांत असतं आणि समुद्रावरून जाणारा बाली मांदारा टोल रस्ता धरला की विमानतळ हाकेवर.

याच दिवशी कपडे धुवायला टाका. किलोवर धुऊन देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत, बहुतेक दुसऱ्या दिवशी देतात. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, एक दिवस जादा धरा, नाहीतर बॅगेत ओलसर जीन्स घालून घरी याल.

आता वाळूची गोष्ट. बालीच्या दक्षिण टोकाची, बुकितची वाळू पांढरी आहे, कारण तो भाग प्रवाळाच्या चुनखडीचा. पूर्व आणि उत्तर किनाऱ्याची वाळू काळी, ज्वालामुखीची, आणि तिच्यात मॅग्नेटाइट असतं, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज. माझ्या इअरफोनच्या डबीच्या झाकणात छोटं चुंबक आहे. आमेदला ती डबी टॉवेलवर ठेवली होती. उचलली तर झाकणाच्या कडेला काळ्या कणांची मिशी उगवलेली, एकेक केस उभा. पुसली तर पसरते, फुंकली तर आत जाते. शेवटी चिकटपट्टीचा तुकडा दाबून दाबून काढली. फोनचा स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, घड्याळाचा चार्जर, हे सगळं चिकटपट्टीने असंच साफ करून मगच बॅगेत टाका.

गाडीही आजच ठरवा. इथे माझा एक धडा. बालीत मुलांची नावं जन्मक्रमाने ठेवतात. पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा कतुत, आणि पाचवा आला की पुन्हा वायान. दहा दिवसांत माझ्या फोनमध्ये तीन ‘वायान ड्रायव्हर’ जमा झाले होते. विमानाच्या पहाटे मी ज्याला “कुठे पोहोचलात?” म्हणून मेसेज करत होतो, तो वायान पार उत्तर किनाऱ्यावर लोविनाला आपल्या घरी झोपलेला होता. खरा वायान अर्ध्या तासापासून फाटकाबाहेर उभा. नावापुढे गाव आणि गाडीचा रंग लिहा: ‘वायान, सानूर, पांढरी गाडी’. आणि हाक मारताना पुरुषाला ‘ब्ली’ आणि बाईला ‘म्बोक’ म्हणा, म्हणजे दादा आणि ताई.

गालुंगान सण तुमच्या तारखांत येतोय का तेही याच वेळी विचारा. हा सण दर २१० दिवसांनी येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाकलेले, सजवलेले बांबू दिसू लागले की समजा, आला. त्या दिवशी गाडीवाले आपापल्या गावी असतात.

आदला दिवस: पैसे, खरेदी आणि माकडं

रुपिया घरी आणून उपयोग नाही, बाहेर त्याला भाव मिळत नाही. म्हणून आदल्या दिवशी सकाळी पाकीट रिकामं करून मोजा. उरलेल्यातून हॉटेलचं बिल आणि गाडीभाडं द्या, कार्ड शेवटी. उलट पैसे कमी पडत असतील आणि बदलून घ्यायचे असतील, तर कुताच्या गल्लीतल्या जास्त भाव लिहिलेल्या टपरीत जाऊ नका. तिथे नोटा टेबलावर तुमच्यासमोर मोजतात, गठ्ठा नीट करायच्या निमित्ताने परत घेतात आणि तेवढ्यात चार नोटा टेबलामागे पडतात. नियम एकच, शेवटची मोजणी तुमच्या हातात आणि त्यानंतर गठ्ठा परत द्यायचा नाही. एटीएममध्ये बऱ्याचदा पैसे आधी येतात आणि कार्ड नंतर. पैसे घेऊन वळलात की कार्ड तिथेच राहतं.

जाता जाता, १९९८ च्या २०,००० रुपियांच्या नोटेवर गणपती होता. ती नोट चलनातून केव्हाच गेली आहे, त्यामुळे ‘गणपतीची नोट’ म्हणून दुकानात मागत बसू नका.

खरेदीत मला दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक किंतामणीची कॉफी, ज्वालामुखीच्या मातीतली, किंचित आंबटसर. दुसरं कुसांबाचं मीठ. तिथले मिठागरवाले काळ्या वाळूवर समुद्राचं पाणी शिंपतात, ती वाळू वाळली की गोळा करून तिच्यातून पाणी गाळतात आणि ते खारं पाणी नारळाच्या चिरलेल्या खोडांच्या पन्हाळीत उन्हात ठेवतात. त्यावर मिठाची साय धरते. पुडी बंद आणि छापील वेष्टनाचीच घ्या. सुट्या पिशवीतली पांढरी पूड विमानतळावर समजावून सांगत बसायची हौस कोणाला असते?

प्रवाळाचे तुकडे, मोठे शंख-शिंपले आणि कासवाच्या पाठीच्या वस्तू घेऊ नका, किनाऱ्यावरून उचलूही नका. यातल्या बऱ्याच गोष्टी आंतरराष्ट्रीय करारानुसार संरक्षित आहेत आणि जप्तीबरोबर चौकशीही मागे लागते.

संध्याकाळी उलुवातूचं देऊळ आणि केचाक नृत्य बघायला बहुतेक जण जातात. जा. पण तिथली माकडं चोर आहेत, आणि हुशार चोर. चष्मा, टोपी, चप्पल, फोन पळवतात, आणि खाऊ दिल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना दिसलं की मुरलेली माकडं माणसाला प्रिय असलेली वस्तू बरोबर निवडतात आणि तिच्या बदल्यात जास्त खाऊ वसूल करतात. एका बाईंचा चष्मा माझ्यासमोर गेला. माकड कठड्यावर बसून दांडी चावत होतं, अगदी सावकाश, बाईंकडे बघत. रखवालदाराने फळ पुढे केल्यावर त्याने चष्मा सोडला, तो दांडीविना. परतीच्या आदल्या दिवशी पासपोर्ट घेऊन तिथे जाणं म्हणजे आपणच संकटाला आमंत्रण. तो खोलीतल्या तिजोरीत ठेवा, आणि तिजोरीत सँडलचा एक पाय पण ठेवा. सकाळी सँडल शोधताना पासपोर्ट आठवतो.

माकड किंवा कुत्रा चावला, ओरखडला, तर ‘घरी जाऊन बघू’ चालणार नाही. बालीत २००८ पासून रेबीज आहे. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच रात्री दवाखाना गाठून लस सुरू करा.

निघायचा दिवस

इथे फार सांगण्यासारखं नाही. स्कूटर भाड्याने घेतली असेल तर दिवसाउजेडी परत करा आणि परत करताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, बाटल्या चेक-इनच्या. येताना भरलेल्या १,५०,००० रुपियांच्या पर्यटन शुल्काची पावती बेट सोडेपर्यंत फोनमध्ये राहू द्या, प्रेक्षणीय ठिकाणी ती कधीमधी तपासतात. विमानतळावर तीन तास आधी. बाहेर पडताना दारातली फुलांची छोटी परडी, चानांग सारी, चाकाखाली किंवा पायाखाली येऊ देऊ नका. बॅग ओढताना ती नेमकी येते.

ज्वालामुखी आडवा आला तर

आधी हे समजून घ्या की राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. ती दगड आणि काचेची बारीक पूड असते. जेट इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि आतल्या भागांवर थर धरते. २४ जून १९८२ ला शेजारच्या जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या एका बोइंग ७४७ ची चारही इंजिनं बंद पडली होती. विमान तरंगत खाली आलं, इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्ताला उतरलं. कोरडी राख विमानाच्या हवामान रडारला दिसत नाही. म्हणून विमान रद्द झालं तर काउंटरवरच्या मुलीवर ओरडू नका.

फुटणारा डोंगर बालीतलाच असायला हवा असंही नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंगमुळे विमानतळ दोन दिवसांहून जास्त बंद होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मात्र फुटला तो सुमारे ८०० किलोमीटरवरच्या फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी. बालीत आकाश निळं होतं, विमानतळ उघडा होता, तरी कित्येक विमानं रद्द झाली. कारण वारा.

इंडोनेशियात ज्वालामुखीच्या सावधगिरीच्या चार पायऱ्या आहेत: नॉर्मल, वास्पादा, सियागा आणि आवास. नावावर जाऊ नका, हा ‘आवास’ सगळ्यात धोक्याचा. शेवटचे चार दिवस ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर एक नजर टाकत जा. विमा मात्र घरून निघण्याआधीच घेतलेला हवा. उद्रेकाची बातमी आल्यावर घेतलेला विमा त्या उद्रेकासाठी कामाचा नसतो.

विमान रद्द झालंच तर काय करायचं? विमानतळावर धावू नका, तिथे फक्त गर्दी असते. हॉटेलला फोन करून खोली दोन रात्री वाढवा, हे पहिलं, कारण अर्ध्या तासात सगळे तेच करणार. मग कंपनीच्या ॲपमधून पुढची तारीख मागा. पैसे परत मागायची घाई करू नका, परत घेतले की नवं तिकीट तुमच्या खिशातून आणि त्या दिवशीच्या भावाने. विमान रद्द झाल्याचं लेखी पत्र किंवा ईमेल मिळवाच. व्हिसा संपत आला असेल तर इमिग्रेशन कार्यालयात तेच दाखवावं लागतं, आणि विम्यालाही तेच लागतं. नेहमीची औषधं चार दिवस जादा हवीत, हे सांगायला आता उशीर झाला असेल, म्हणून निघतानाच ती भरा. राख प्रत्यक्ष पडत असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा आणि एन-९५ मास्क घाला.

रस्त्याने जावाला निघण्याचा पर्यायही असतो. पश्चिम टोकाला गिलिमानुक, तिथून फेरीने तासाभरात पलीकडे केतापांग, बंदराजवळच रेल्वे स्टेशन आणि पुढे सुराबायाचा विमानतळ. वाटेत घड्याळ एक तास मागे करायचं असतं. सगळा प्रवास दहा-बारा तासांच्या वरच जातो, आणि सगळे निघाले की फेरीच्या रांगेचा भरवसा नाही. बंद दोन दिवसांत उठेल असं दिसत असेल तर मी सानूरलाच बसून राहीन. चार दिवसांच्या वर जाणार असेल आणि सोबत लहान मूल नसेल, तर पहाटे निघेन. पण निघण्याआधी सुराबायाहून सुटणाऱ्या विमानाचं पक्कं तिकीट हातात हवं, आणि राखेचा ढग त्याच दिशेला चाललेला नाही हे बघायला हवं.

घरी आल्यावर

परतल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘बालीहून आलोय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. डेंग्यूचा ताप डास चावल्यानंतर साधारण ४ ते १० दिवसांनी येतो, म्हणजे शेवटच्या संध्याकाळचा डास घरी आल्यावर कळतो. डेंग्यू नाही असं ठरेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. आणि तिथे रेबीजची लस सुरू केली असेल, तर बालीच्या दवाखान्याचं कार्ड हातातल्या बॅगेतूनच आणा. त्यावर लशीचं नाव आणि दिलेल्या डोसांच्या तारखा असतात. उरलेले डोस इथल्या डॉक्टरांना त्याच वेळापत्रकाने द्यायचे असतात, साधारण ३ऱ्या, ७व्या आणि १४व्या दिवशी. तिसरा दिवस बहुतेक वेळा सामान उपसण्यातच उजाडतो.